औंस-पौंडाची रेसिपी ग्रॅममध्ये: हिशोबाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

अमेरिकन किंवा जुन्या ब्रिटिश रेसिपीवरून केलेला केक मध्येच बसला, कुकीज तव्यासारख्या पसरल्या, ब्रेडचं पीठ हाताला सुटेना, की दोष ओव्हनला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच कागदावर झालेली असते. औंसाचे ग्रॅम करायला एक गुणाकार पुरतो. पण गुणाकाराच्या आधी औंस कोणता ते ओळखावं लागतं आणि नंतर आकडे कधी गोल करायचे ते ठरवावं लागतं. घोळ या दोन ठिकाणी होतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तिसरा टप्पा गाळून चौथ्यावर उडी मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लागणारे आकडे

१ औंस = २८.३५ ग्रॅम
१ पौंड = १६ औंस = ४५४ ग्रॅम (नेमके ४५३.६)
१ किलो = ३५.२७ औंस = २ पौंड ३¼ औंस
१०० ग्रॅम = साधारण ३½ औंस

एवढे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइल हाताशी नसेल तर तोंडी हिशोबाची एक सोपी रीत आहे: औंसांना ३० ने गुणा आणि आलेल्या आकड्याचा विसावा भाग वजा करा. १० औंसांचे ३००, त्यातून १५ गेले, उरले २८५. खरं उत्तर २८३.५ आहे, म्हणजे फरक दीड ग्रॅमचा. घरच्या केकला हे चालतं.

टप्पा १: काटा तपासून घ्या

ओट्यावर ठेवायचा डिजिटल काटा ५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. यीस्ट, सोडा, जिलेटिन यांच्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असला तर उत्तम. नसेल तर चमचे वापरा. मोठ्या काट्यावर ३ ग्रॅम सोडा मोजायला जाऊ नका, तिथे अर्ध्या-एक ग्रॅमची चूक सहज होते.

काटा खरा आहे का हे नाण्यांनी कळतं. दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचं वजन सुमारे ७.७ ग्रॅम असतं, म्हणजे अशी दहा नाणी ७७ ग्रॅम भरायला हवीत. अमेरिकेत असाल तर पाच सेंटचं नाणं बरोबर ५ ग्रॅमचं असतं. अशी वीस नाणी म्हणजे १०० ग्रॅम. काटा दोन-तीन ग्रॅमने चुकत असेल तर आधी सेल बदला आणि काटा सपाट, कडक जागेवर ठेवून पुन्हा बघा. प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर किंवा टॉवेलवर ठेवलेला काटा खोटं वजन दाखवतो.

मग एककाचं बटण बघा. बहुतेक काटे ग्रॅम, औंस, पौंड-औंस आणि मिलिलिटर अशा चार-पाच एककांत फिरतात आणि बटणावर चुकून बोट पडलं तरी एकक बदलतं. मोजायला सुरुवात करताना पडद्यावर ग्रॅमचं चिन्ह आहे याची खात्री करा.

सावधान: मिलिलिटर दाखवणारा काटाही मुळात वजनच करतो आणि भांड्यात पाणी किंवा दूध आहे असं धरून आकडा देतो. तेल, मध, काकवी किंवा पीठ त्या एककात मोजलं तर आकडा चुकीचाच येणार.

टप्पा २: रेसिपी कुठली आणि औंस कोणता

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात. औंस दोन प्रकारचे आहेत. एक वजनाचा. दुसरा फ्लुइड औंस, तो मापाचा. त्याने भांड्यात किती जागा व्यापली हे मोजतात, वजन नाही. रेसिपीत अनेकदा दोन्ही ठिकाणी नुसतंच ‘औंस’ लिहिलेलं असतं. ओळखायचं असं: मैदा, साखर, लोणी, चॉकलेट, चीज, मांस, भाजी यांच्यापुढे औंस आला तर तो वजनाचा. पाणी, दूध, क्रीम, तेल, रस, स्टॉक यांच्यापुढे आला तर जवळजवळ नेहमी फ्लुइड.

फ्लुइड औंसही देशागणिक बदलतो. अमेरिकेचा २९.६ मिली, ब्रिटनचा २८.४ मिली. एकेका औंसाला हा फरक क्षुल्लक आहे, पाइंटवर गेलं की दिसतो: अमेरिकन पाइंट १६ फ्लुइड औंसांचा, म्हणजे ४७३ मिली, ब्रिटिश पाइंट २० फ्लुइड औंसांचा, म्हणजे ५६८ मिली. जुन्या इंग्लिश पुडिंगात ‘अर्धा पाइंट दूध’ असेल तर २८४ मिली घ्या. अमेरिकन कप धरून २३७ घातलं तर पुडिंग घट्ट गोळा होईल.

आता ज्या एका चुकीमुळे सगळ्यात जास्त केक वाया जातात ती. ‘१ कप म्हणजे ८ औंस’ हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते फक्त फ्लुइड औंसांबद्दल खरं आहे. ते मैद्याला लावलं की एका कपाचे २२७ ग्रॅम होतात. प्रत्यक्षात अमेरिकन कपात चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलेला मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो. म्हणजे जवळपास दुप्पट मैदा पडतो आणि केकची वीट होते. कपाचं वजन घटकागणिक वेगळं असतं. २३७ मिलीच्या अमेरिकन कपासाठी हे आकडे धरा:

मैदा १२०–१२५ ग्रॅम
साखर २०० ग्रॅम
ब्राऊन शुगर, दाबून भरलेली, २१५–२२० ग्रॅम
पिठीसाखर ११५–१२० ग्रॅम
कोको ८५ ग्रॅम
लोणी २२७ ग्रॅम
दूध २४४ ग्रॅम
मध ३४० ग्रॅम

डब्यांच्या बाबतीतही हाच घोळ. अमेरिकन कन्डेन्स्ड मिल्कच्या डब्यावर १४ औंस लिहिलेलं असतं आणि पदार्थ ओतता येतो म्हणून वाचणारा त्याला फ्लुइड समजतो. तो वजनाचा औंस आहे: ३९७ ग्रॅम. कन्डेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा पुष्कळ जड असल्याने एवढं वजन जेमतेम ३०० मिलीत बसतं. १४ फ्लुइड औंस म्हणून ४१४ मिली मोजून ओतलंत तर सुमारे ५४० ग्रॅम पडेल आणि बर्फी की खीर ते कळणार नाही. उलट, शेजारच्याच फळीवरच्या एव्हॅपोरेटेड मिल्कच्या डब्यावरचे १२ औंस फ्लुइड असतात, म्हणजे ३५५ मिली. डब्यावर ‘नेट वेट’ छापलं असेल तर वजन, ‘फ्लुइड’ छापलं असेल तर माप.

तपासा: यादीतल्या प्रत्येक औंसापुढे पेन्सिलीने ‘व’ किंवा ‘मा’ लिहिलंत का? एकही मोकळा राहिला असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: सगळं आधी औंसात आणा

वजनाच्या सगळ्या घटकांचे आधी नुसते औंस करा. पौंड, स्टिक, पाकीट, सगळं.

पौंडाचे अपूर्णांक १६ ने गुणायचे. सव्वा पौंड म्हणजे २० औंस, पाऊण पौंड म्हणजे १२. दशांशात लिहिलेला पौंड लोक हमखास चुकीचा वाचतात. १.५ पौंड म्हणजे १ पौंड ५ औंस नव्हे, तर १ पौंड ८ औंस. पहिल्याचे ५९५ ग्रॅम होतात, दुसऱ्याचे ६८०. काट्याच्या पौंड-औंस एककातही हेच लक्षात ठेवा: पडद्यावर १ आणि ८ दिसलं तर ते १.८ पौंड नाही. अमेरिकन याद्यांत आकड्यानंतर # हे चिन्ह आलं तर तोही पौंडच.

लोण्याची अमेरिकन स्टिक ४ औंसांची, म्हणजे ११३ ग्रॅम. चार स्टिक म्हणजे एक पौंड. आपल्याकडचं शंभर ग्रॅमचं पाकीट म्हणजे एक स्टिक असं धरू नका. दोन स्टिकना दोन पाकिटं घातली तर २७ ग्रॅम लोणी कमी पडतं. शिवाय ते पाकीट बहुधा खारट बटरचं असतं आणि अमेरिकन रेसिपीत बहुधा अळणी धरलेलं असतं, तेव्हा रेसिपीतलं मीठ कमी करा. क्रीम चीजची अमेरिकन वडी ८ औंसांची, २२७ ग्रॅम. यीस्टचं आणि जिलेटिनचं पाकीट पाव औंसाचं, ७ ग्रॅम.

टप्पा ४: एकाच आकड्याने गुणा

वजनाचे सगळे औंस २८.३५ ने गुणा. सगळे म्हणजे सगळे.

हे ठासून सांगायचं कारण असं की पुस्तकांत आणि तक्त्यांत १ औंसाचे कुठे २५ ग्रॅम दिसतात, कुठे २८, कुठे ३०. दोन्ही एककं देणाऱ्या ब्रिटिश पुस्तकांत १ औंसाला २५ ग्रॅम आणि ८ औंसांना २२५ ग्रॅम एकाच पानावर असतात. त्या लेखकांनी पूर्ण रेसिपी ग्रॅममध्ये नव्याने बसवलेली असते, म्हणून ते चालतं. त्या पुस्तकात दोन रकाने असतील तर एक निवडा आणि शेवटपर्यंत त्याच रकान्यात राहा. मैदा डावीकडून आणि लोणी उजवीकडून घेतलं की प्रमाण मोडतं.

एक साधा अमेरिकन केक घेऊ. मैदा १० औंस, लोणी दीड स्टिक, साखर ९ औंस, दूध ८ औंस, मोठी अंडी ३, बेकिंग पावडर २ टीस्पून. दीड स्टिकचे आधी ६ औंस केले, दुधापुढे ‘मा’ लिहिलं. आता गुणाकार:

मैदा १० × २८.३५ = २८३.५
लोणी ६ × २८.३५ = १७०.१
साखर ९ × २८.३५ = २५५.२
दूध ८ × २९.६ = २३७ मिली

इथे मैदा ३० ने आणि लोणी २५ ने गुणलं असतं तर ३०० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम लोणी झालं असतं. मूळ रेसिपीत लोणी मैद्याच्या ६० टक्के आहे, ते ५० टक्क्यांवर आलं. केक कोरडा, भुगा होणारा निघेल आणि कारण शोधूनही सापडणार नाही.

टप्पा ५: शेवटी, एकदाच गोल करा

मधल्या कोणत्याही पायरीवर गोल करू नका. रेसिपी अर्धी किंवा दीडपट करायची असेल तर तो गुणाकारही गोल करण्याआधी उरका. मग १०० ग्रॅमच्या वरचे आकडे जवळच्या ५ वर, त्याखालचे जवळच्या १ वर आणा. वरच्या केकचे झाले मैदा २८५, लोणी १७०, साखर २५५.

तपासा: वजनाच्या घटकांचे औंस एकत्र करा आणि २८.३५ ने गुणा. इथे १० + ६ + ९ = २५ औंस, म्हणजे ७०९ ग्रॅम. तुमच्या ग्रॅमची बेरीज २८५ + १७० + २५५ = ७१०. एक ग्रॅमचा फरक, ठीक. पाच-सात ग्रॅमच्या वर फरक आला तर कुठेतरी गुणाकार चुकला आहे किंवा स्टिक तशीच राहून गेली आहे. ही बेरीज अर्ध्या मिनिटात होते आणि बाकी कोणत्याही खबरदारीपेक्षा जास्त चुका पकडते.

टप्पा ६: चमचे, अंडी, मीठ

टीस्पून ५ मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा. त्यांना हात लावू नका. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर टेबलस्पून २० मिलीचा असतो, तेवढं ध्यानात ठेवा. घरातला पोह्यांचा चमचा कोणत्याच हिशोबात बसत नाही, मापाचा संच घ्या.

अंड्यांचं मात्र वजन करा. अमेरिकन ‘मोठं’ अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅमचं. आपल्याकडची अंडी पुष्कळदा लहान असतात. वरच्या केकला तीन अंडी म्हणजे १५० ग्रॅम हवीत. फोडून वाटीत वजन केलं आणि १३० भरलं, तर चौथं अंडं फेटून त्यातलं २० ग्रॅम घाला.

मिठाचा सापळा वेगळा आहे. अमेरिकन रेसिपीत ‘कोशर सॉल्ट’ असतं, ते जाडसर आणि हलकं. घरच्या बारीक मिठाचा एक टीस्पून ६ ग्रॅमच्या आसपास, तर काही कोशर मिठांचा ३ ग्रॅमच्या आसपास. टीस्पूनला टीस्पून घातलं तर खारटपणा दुप्पट होऊ शकतो. बारीक मीठ निम्म्याने सुरू करा. इन्स्टंट यीस्टचा एक टीस्पून साधारण ३ ग्रॅम भरतो. ७ ग्रॅमच्या पाकिटाला सव्वादोन टीस्पून.

टप्पा ७: मोजताना

भांडं काट्यावर ठेवा, शून्य करा, घटक घाला, पुन्हा शून्य करा, पुढचा घटक. आधी कोरडे, मग ओले. लोणी-साखर फेटायची असेल तर त्यांना वेगळं भांडं.

यात तीन गोष्टी नडतात. बरेच काटे दोनेक मिनिटांत आपोआप बंद होतात आणि शून्य केलेलं विसरतात. म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा. दुसरं, शून्य केल्यावर कोको किंवा कॉर्नफ्लोअर चिमूट चिमूट भुरभुरवलं तर काटा सुरुवातीचे एक-दोन ग्रॅम गिळतो, आकडा हलतच नाही. लहान वजनाचे घटक वेगळ्या वाटीत, एकदम चमचाभर टाकून मोजा. तिसरं, मोठ्या परातीने पडदा झाकला जातो आणि मग लोक परात वाकडी करून आकडा वाचतात. काट्यावर आधी उलटी वाटी ठेवा, तिच्यावर परात, आणि मग शून्य करा.

उलट दिशा: किलोची रेसिपी अमेरिकेत

परदेशी राहणाऱ्यांना अडचण उलटी येते. घरून आलेली रेसिपी किलोत आणि दुकानातली पाकिटं पौंडात. सरळ उत्तर म्हणजे ग्रॅम दाखवणारा काटा वापरा आणि रूपांतर करूच नका. पौंडाचा उपयोग फक्त खरेदीपुरता. एक किलोला सव्वादोन पौंड आणा, थोडं उरेल.

त्याहून सोपं म्हणजे प्रमाण पाकिटाला जुळवणं. हरभऱ्याच्या डाळीचं २ पौंडांचं पाकीट ९०७ ग्रॅमचं असतं. किलोभर डाळीला किलोभर गूळ अशी पुरणाची रेसिपी असेल तर पूर्ण पाकीट डाळ शिजवा आणि गूळही २ पौंडच घ्या. मीठ, वेलदोडे, जायफळ दहाव्या हिश्शाने कमी. डाळ मोजायचीही गरज नाही.

सावधान: लोणच्याला अंदाज चालत नाही. समजा किलोभर कैरीच्या फोडींना २०० ग्रॅम मीठ आहे. फोडी अंदाजाने अडीच पौंड घेतल्या (११३४ ग्रॅम) आणि मीठ ७ औंस (१९८ ग्रॅम), तर मिठाचं प्रमाण २० टक्क्यांवरून साडेसतरावर येतं. मीठ कमी पडलं की लोणचं नासण्याचा धोका वाढतो. फोडी चिरून, पुसून, कोरड्या करून मगच वजन करा आणि त्या वजनाच्या पाचव्या हिश्शाने मीठ काढा, एकक कोणतंही असो.

केकचा पौंड आणि वहीतला पावशेर

आपल्याकडे केकची ऑर्डर अजून पौंडात येते आणि अनेक जण अर्धा किलो आणि एक पौंड एकच धरतात. फरक ४६ ग्रॅमचा आहे. दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम, किलो नव्हे. घरून केक विकत असाल तर दर ठरवतानाच ग्रॅम लिहून द्या. हे वजन क्रीमसकट तयार केकचं असतं, आणि भाजताना घोळाचं वजन साधारण दहाव्या हिश्शाने घटतं, ते हिशोबात धरा.

आजीच्या वहीत पावशेर, छटाक, तोळे असतील आणि वही १९६० च्या आसपासची किंवा आधीची असेल, तर पावशेर म्हणजे २५० ग्रॅम धरू नका. तेव्हाचा वजनी शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, छटाक ५८, तोळा ११.६६ ग्रॅम. सगळे घटक पावशेरातच असतील तर २५० धरूनही प्रमाण टिकतं. पण साखर पावशेरात आणि खवा ग्रॅममध्ये असेल, म्हणजे नंतर कुणीतरी वहीत भर घातली असेल, तर वरचे आकडे वापरा. दूध-धान्याला शेर लिहिलं असेल तर तो मापाचाही असू शकतो. ते माप भागागणिक बदलायचं, म्हणून अशा रेसिपीत आधी निम्म्या प्रमाणात करून बघा आणि जमलेले ग्रॅम त्याच पानावर तारखेसकट लिहून ठेवा.